समुद्राची रोजची कामं

मे महिन्यातली सकाळ. छत्रपती संभाजीनगरात या दिवसांत दोरीवरचे कपडे नऊ वाजायच्या आत खडखडीत वाळतात. हीच कोरडी हवा घरातल्या समुद्राचं पाणीही पिते. दिवाणखान्यात एक हजार लिटरची प्रवाळाची टाकी आहे असं समजू. तिच्याखालच्या कपाटात एक लहान टाकी असते, तिला 'सम्प' म्हणतात. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ ओढलेली असते. काल सकाळी पाणी त्या रेघेला टेकलेलं होतं, आज ते दोन बोटं खाली गेलंय. चोवीस तासांत पंधरा लिटर पाणी उडून गेलं. मीठ मात्र सगळं मागेच राहिलं.

समुद्रात असं होत नाही. तिथेही ऊन असतं, वाफ होते. पण पाण्याचा साठा एवढा अफाट की एका दिवसाच्या वाफेने त्याची चव बदलत नाही. प्रवाळ अशा पाण्यात वाढलेला जीव आहे. खारटपणा, तापमान, चुना, उजेड, सगळं जिथे आज तसंच उद्या, अशा घरात त्याच्या पिढ्या गेल्या. आपण त्याला काचेच्या पेटीत आणतो तेव्हा पाणी देऊ शकतो, मीठ देऊ शकतो, उजेडही देऊ शकतो. समुद्राची विशालता मात्र देता येत नाही. तिची जागा एकाच गोष्टीने भरून निघते, ती म्हणजे आपला नियमितपणा. या प्रकरणातली सगळी कामं त्यासाठीच आहेत.

प्रवाळ असा घरात जगवून पहिल्यांदा दाखवला तो लंडनच्या ॲना थिन या बाईंनी. 1846 साली त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. ना पंप, ना वीज. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते खारं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आपण चहा वर-खाली करतो तसं, रोज अर्धा-पाऊण तास. त्या प्रवाळांनी लंडनमध्ये तीन वर्षं काढली. ज्या हातांनी समुद्राच्या लाटेचं काम केलं त्यांचं नाव कुणी ठळकपणे लिहून ठेवलं नाही. आज आपल्याकडे पंप आहेत, पण लाटेचं काम कुणीतरी रोज करायचंच असतं, ही गोष्ट बदललेली नाही.

आधी कायदा, मग टाकी

महाराष्ट्राला प्रवाळ नवा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यात प्रवाळ आहेत. 1987 साली तिथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाने त्याला आंग्रिया बँक म्हणतात. डिसेंबर 2019 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका तुकडीने तिथे बुड्या मारून प्रवाळांची पाहणी केली.

हे प्रवाळ आपल्या टाकीसाठी नाहीत. 2001 साली केंद्र सरकारने भित्तिका बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडासुद्धा त्यात येतो. म्हणजे किनाऱ्यावरून 'शोभेचा दगड' म्हणून उचललेला प्रवाळही गुन्ह्यात मोडतो. समुद्री घोडेही याच यादीत आहेत. कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना नोंदणीही करावी लागते. त्यासाठीचे नियम 2024 मध्ये आले.

म्हणून इथे ज्या टाकीबद्दल लिहितो आहे तिच्यातले खडक समुद्रातून काढलेले नाहीत. ते सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून घडवलेले आहेत. तिच्यात डोलणारे मऊ प्रवाळ आहेत, बटणांसारखे झोअँथिड आहेत, मशरूम प्रवाळ आहेत. त्यांचीही आयातीची कागदपत्रं विक्रेत्याकडे मागावीत आणि शंका असेल तर खरेदीच्या आधी वन विभागाच्या कार्यालयात विचारावं. मासे शक्यतो पैदास केलेलेच घ्यावेत. क्लाउनफिश आता हॅचरीत वाढतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झालं आहे. ज्याला समुद्र घरी हवा आहे त्याने समुद्र लुटून तो आणू नये, ही या छंदाची पहिली अट आहे.

रोजचं पहिलं काम: गोडं पाणी

उडालेल्या पंधरा लिटरकडे परत येऊ. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. हजार लिटरच्या टाकीत पस्तीस किलोंच्या आसपास मीठ विरघळलेलं आहे. रोज पंधरा लिटर पाणी उडतं आहे आणि चार दिवस घरी कुणी नाही असं धरा. साठ लिटर पाणी गेलं, तेवढंच मीठ कमी पाण्यात उरलं आणि खारटपणा 35 वरून 37 च्या पुढे सरकला. आपल्या जिभेला फरक कळणार नाही. प्रवाळाच्या पेशीतलं पाणी मात्र बाहेर ओढलं जातं. तो आक्रसतो, फुलत नाही.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. कमी झालेलं पाणी भरायला तो खारं पाणी ओततो. पण मीठ उडालेलं नाहीच. मग ते पुन्हा कशाला? भरायचं ते गोडं पाणी, आणि तेही एकदम बादलीभर न ओतता हळूहळू. मोठ्या टाक्यांना यासाठी फ्लोट लावलेला लहान पंप असतो. सम्पमधली पातळी बोटभर उतरली की तो शेजारच्या ड्रममधून पाणी ओढतो. त्या पंपावर डोळे झाकून विसंबू नये. फ्लोट गोगलगायीने अडकला की ड्रम रिकामा होईपर्यंत पाणी येत राहतं. म्हणून ड्रमच एवढा लहान ठेवावा की तो सगळा रिता झाला तरी अनर्थ होऊ नये.

हे गोडं पाणी आणायचं कुठून, हा आपल्या शहरातला कळीचा प्रश्न आहे. नळाचं पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येतं, तेही अनेक वस्त्यांत काही दिवसांआड. बोअरचं पाणी काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपलेलं, जड असतं. त्यात सिलिकाही विरघळलेला असतो. ते टाकीत गेलं की वाळूवर आणि काचेवर तपकिरी शेवाळाचा थर धरतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन टाकीला हव्या असलेल्या जिवाणूंना मारतो. म्हणून पाणी आरओच्या पडद्यातून आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गाळून घ्यावं लागतं, इतकं की विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसावं. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात.

आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. मराठवाड्यात हे पाणी गटारात सोडणं मनाला पटत नाही, पटूही नये. ते नळी लावून वेगळ्या टाकीत साठवावं. फरशी पुसायला, गाडी धुवायला, संडासात ओतायला ते उत्तम चालतं. पंधरा लिटर शुद्ध पाण्याबरोबर पंचेचाळीस लिटर असं पाणी मिळतं. जिथे नळ रोज येत नाही तिथे हा हिशेब आधी जमवावा आणि मगच टाकीचं माप ठरवावं.

माठाचा न्याय

उडणारं पाणी एक उपकारही करतं. माठातलं पाणी गार का राहतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. टाकीचं गणित तेच आहे. हजार लिटर पाण्यातून एक लिटर उडालं तर उरलेल्या पाण्याचं तापमान साधारण 0.6 अंशाने उतरू शकतं. पंधरा लिटर म्हणजे जवळजवळ नऊ अंशांची उष्णता दिवसभरात बाहेर गेली. पंप, दिवे आणि तापलेली खोली ती परत भरत असतात. तरी पाण्यावर तिरका वारा सोडणारा साधा पंखा एप्रिल-मेमध्ये मोठं काम करतो. आपल्याकडे ज्या कारणाने कूलर चालतो त्याच कारणाने.

जुलैत हवा दमट झाली की कूलरने अंगाला चिकचिक होते आणि टाकीवरचा पंखाही निकामी ठरतो. शिवाय मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की एकटा पंखा पुरत नाही. म्हणून मोठ्या टाकीला पाणी गार करणारा चिलर लागतोच. तापमान 25 ते 27 अंशांत राहावं. त्याहून महत्त्वाचं, दिवस आणि रात्र यांच्यात एका अंशापेक्षा जास्त फरक पडू नये. चिलरची जाळी धुळीने भरली की तो तापतो पण पाणी गार करत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी ती जाळी ब्रशने साफ करावी.

एका अंशाचं एवढं काय? प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. उजेडात ती अन्न बनवतात आणि त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा बराचसा रंगही त्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी पातळीपेक्षा एखाद्या अंशाने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं तर हा संसार मोडतो. प्रवाळ ती शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी असतो.

रोज सकाळी थर्मामीटर पाहिल्यावर पाच मिनिटं नुसतं टाकीसमोर उभं राहावं. कुठला प्रवाळ अजून उघडला नाही, कुठला मासा खायला आला नाही, कुठल्या पंपाचा आवाज बदलला. पाण्याच्या चाचणीत जे दोन दिवसांनी दिसेल ते सरावलेल्या डोळ्याला आज दिसतं. खाणं माशांना दोन मिनिटांत संपेल एवढंच घालावं. उरलेला प्रत्येक कण कुजतो, आणि पुढची सगळी साफसफाई त्या कणाची असते.

वाहतं पाणी

प्रवाळ जागचा हलत नाही. अन्न, प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्याने आणायचं आणि त्याची घाण पाण्यानेच न्यायची. म्हणून टाकीत दोन तऱ्हेचे प्रवाह असतात. एक टाकीच्या आतला, लाटेसारखा दिशा बदलणारा. तो टाकीत बसवलेल्या पंपांनी होतो. दुसरा टाकी आणि सम्प यांच्यातला. वरचं पाणी काठावरच्या फटींतून सांडून आपल्या भाराने खाली उतरतं, सम्पमध्ये गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

या शहराला हे शास्त्र जुनं आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने खडकी गावात, म्हणजे आजच्या या शहरात, खेळवलं. नंतरच्या काळात पाणचक्कीला असंच मातीच्या नळांतून पाणी आलं. वर चढलं, हौदात पडलं आणि जात्याचं चाक फिरवून गेलं. पाणी सोडल्यावर ते किती उंच चढेल, कुठे अडेल, नळात हवा कोंडली तर काय होईल, याचा विचार त्या कारागिरांना करावा लागला. टाकीवाल्यालाही तोच करावा लागतो. वीज गेली की परतीच्या नळीतून पाणी उलटं खाली येतं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते फरशीवर येतं. म्हणून दर महिन्याला एकदा पंप मुद्दाम बंद करून पाहावा, पाणी कुठवर चढतं ते. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक लहान छिद्र ठेवतात. पाणी उतरलं की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. ते छिद्र शेवाळाने बुजलेलं नाही ना, हे काडी घालून पाहावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण एक रात्र चुकलं तर दिवाणखाना भिजतो.

आठवड्याची कामं

गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायला लागला की वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो. टाकीतलं स्किमर नावाचं यंत्र हेच काम थंड पाण्यात करतं. ते खाऱ्या पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतं. माशांच्या विष्ठेतली, अन्नातली प्रथिनं आणि स्निग्ध द्रव्यं यांच्या रेणूंचं एक टोक पाण्यापासून पळतं. ते बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि फेसाबरोबर वर चढतं. वरच्या पेल्यात गडद, उग्र वासाचा काढा जमतो. तो पेला आठवड्यातून दोनदा तरी धुवावा, आणि त्याच्या मानेच्या आतला बुळबुळीत थर पुसावा. त्या थरामुळे फेस चढत नाही. सम्पच्या तोंडाशी गाळणीची कापडी पिशवी असते. ती दोन-तीन दिवसांनी बदलावी. साध्या पाण्याने, साबण न लावता धुवावी.

फेसातून जे निसटतं त्यावर जिवाणू काम करतात. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्रेट थोडा चालतो. नव्या टाकीत हे जिवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर तिच्यात जीव सोडायचा नसतो. खडकाच्या आतल्या छिद्रांत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. म्हणून खडकावर साचलेला गाळ आठवड्याला पंपाच्या फवाऱ्याने उडवून द्यावा. छिद्रं मोकळी राहिली पाहिजेत.

मग पाणी बदलणं. आठवड्याला किंवा पंधरवड्याला दहा टक्के, म्हणजे शंभर लिटर. त्यासाठी साडेतीन-चार किलो समुद्री मीठ शुद्ध पाण्यात आदल्या दिवशी घालून पंपाने ढवळत ठेवावं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइडच असतं, समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम नसतं. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळलं की मगच ते आत सोडावं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाण द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावा. काटा चुकलेल्या तराजूने दर आठवड्याला नेमाने वजन करण्यात अर्थ नाही.

पाणी बदललं की सगळं शुद्ध झालं, असा समज मात्र करून घेऊ नये. नायट्रेट लिटरला 20 मिलीग्राम असेल तर दहा टक्के पाणी बदलल्यावर तो 18 होतो, बस. कमी खाणं घालणं आणि स्किमर स्वच्छ ठेवणं याला पाणी बदलणं हा पर्याय नाही. ते गेलेले क्षार परत आणतं आणि साचलेल्या गोष्टी थोड्या पातळ करतं. काच घासायला चुंबकाची घासणी वापरताना वाळूच्या रेषेपासून दोन बोटं वर थांबावं. घासणीत अडकलेला वाळूचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो.

चुन्याची निवळी

शाळेतला प्रयोग आठवून पाहा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून खडूसारखा कण बनतो. समुद्रातला प्रवाळ पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन असंच चुनखडीचं घर बांधतो. आपल्या टाकीत कठीण प्रवाळ नसले तरी खडकांवर चढणारं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, गोगलगायी, मऊ प्रवाळांच्या अंगातले बारीक काटे, सगळ्यांना चुना लागतो. तो रोज थोडाथोडा कमी होत जातो.

म्हणून आठवड्याला तीन गोष्टी मोजाव्यात. कॅल्शियम लिटरला 420 मिलीग्रामच्या आसपास. मॅग्नेशियम 1300 च्या आसपास. आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, तिच्या एककात 7 ते 9 डीकेएच. यातली अल्कलिनिटी सर्वांत आधी घसरते आणि तीच पहिली मोजावी. चुनखडी बनताना हिशेब ठरलेला असतो: अल्कलिनिटी 2.8 डीकेएच उतरली तर कॅल्शियम 20 मिलीग्राम उतरतो. टाकी रोज अर्धा डीकेएच खात असेल तर हजार लिटरमध्ये रोज साधारण नऊ ग्रॅम चुनखडी तयार होते आहे. वाढ डोळ्यांना दिसायच्या आधी ती या आकड्यात दिसते.

ही भरपाई करायची सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे चुन्याची निवळीच. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड एक लिटर आरओ पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतो. तळाशी गाळ बसू द्यावा आणि वरचं नितळ पाणी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबाथेंबाने, रात्री सोडावं. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही ज्या प्रमाणात खर्च होतात त्याच प्रमाणात निवळीतून मिळतात. पण तिचा पीएच 12 च्या वर असतो. भांडंभर एकदम ओतली तर टाकी दुधाळ होते आणि जीव जातात. उन्हाळ्यात उडणारं सगळंच पाणी निवळीने भरलं तर चुना गरजेपेक्षा कितीतरी जास्त होईल. म्हणून मोजून, रोज सारखी, थोडी. पानाचा चुना किंवा रंगाचा चुना यासाठी नको. त्यात काय मिसळलंय ते आपल्या हाती नसतं.

दुसरी रीत दोन बाटल्यांची: एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खाण्याचा सोडा. दोन्ही एकत्र मिसळल्या की खडू तयार होतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी सोडाव्यात. आकडा चुकलेला दिसला तरी तो एका दिवसात ओढून आणू नये. अल्कलिनिटी दिवसाला एक डीकेएचहून जास्त हलवू नये. सहावर गेलेली टाकी दोन-तीन दिवसांत सावकाश आठवर आणली तर प्रवाळ सोसतो, एका दुपारी आणली तर नाही.

महिन्याची कामं आणि जपण्याच्या गोष्टी

जो चुना प्रवाळाला हवा तोच पंपाच्या पात्यावरही चढतो. महिन्या-दोन महिन्यांनी पंप काढून किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूफुलाच्या पाण्यात किंवा पातळ व्हिनेगरमध्ये तासभर चालवावेत. थर फसफसत सुटतो. नंतर साध्या पाण्याने नीट धुवावेत. पाण्यातली अशुद्ध द्रव्यं शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन महिन्याला बदलावा. दिव्यांवरची मिठाची पुटं ओल्या फडक्याने पुसावीत. मिठामुळे उजेड अडतो आणि तारा गंजतात.

टाकीत हात घालण्याआधी सगळी वीज बंद, हा नियम घरातल्या लहान-थोरांना सांगून ठेवावा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोल घेऊन वर जावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बोर्डात न शिरता झोलावरून खाली ठिबकतं. गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी बसवलेलं असावंच.

झोअँथिड दिसतात फुलांसारखे, पण त्यांच्या जवळच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. खडक घासताना हातमोजे आणि चष्मा घालावा. असे जीव चिकटलेला खडक साफ करण्यासाठी कधीही उकळू नये. वाफेतून विष घरभर पसरून माणसं इस्पितळात गेल्याची उदाहरणं जगात आहेत.

आपल्या घरांतल्या नेहमीच्या गोष्टीही पाण्याला घातक ठरतात. डासांच्या कॉइल आणि लिक्विडमधली पायरेथ्रॉइड द्रव्यं कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना मारतात. तांब्याच्या कळशीत टाकीचं पाणी भरू नये. तांबं प्रवाळाला आणि कोळंबीला विष आहे. माशाला दिलेलं तांब्याचं औषधही प्रवाळाच्या टाकीत घालायचं नसतं. आजारी माशासाठी वेगळी टाकी हवी. दिवाळीआधी घराला रंग काढायचा असेल तर टाकी झाकून, खिडक्या उघड्या ठेवून, कार्बन नवा घालून काढावा.

वीज गेली तर

उन्हाळी दुपारी वीज जाते तेव्हा बहुतेकांना चिलरची काळजी वाटते. हजार लिटर पाणी तापायला तास लागतात. आधी संपतो तो प्राणवायू. 26 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलीग्रामच्या आसपासच प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी. पाणी थांबलं की मासे, प्रवाळ आणि खडकातले जिवाणू सगळे मिळून तो संपवायला लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर पहिला हक्क टाकीतल्या एका प्रवाहाच्या पंपाचा, दिव्यांचा शेवटचा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप शंभर-दोनशे रुपयांत नाही मिळाला तरी चालेल, पण घरात हवा. तोही बंद पडला तर मग मग्याने पाणी उंचावरून ओतत राहावं. ॲना थिन यांच्या खिडकीपाशी 1846 साली जे चालत होतं तेच.

गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देऊन 'जरा लक्ष ठेवा' एवढं म्हणणं पुरेसं नाही. दिवसागणिक खाण्याच्या पुड्या बांधून ठेवाव्यात, नाहीतर प्रेमापोटी जास्त घातलं जातं. सम्पवरची रेघ दाखवावी. कुठला स्विच कधी बंद करायचा ते कागदावर लिहून तिथेच चिकटवावं.

वही

या सगळ्यात सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दोनशे पानी वही. तारीख, तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी, किती पाणी भरलं, काय नवीन दिसलं. एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही. तीन आठवड्यांची ओळ सांगते. भरलेलं पाणी अचानक पंधरावरून आठ लिटरवर आलं तर पावसाळ्याची दमट हवा आली म्हणून, की पंखा बंद पडला म्हणून? अल्कलिनिटी खाणं एकदम थांबलं तर प्रवाळाची वाढ थांबली आहे, काहीतरी बिघडलं आहे. वहीत हे प्रवाळ कोमेजण्याआधी दिसतं.

वर्षभर ही वही लिहिणाऱ्याला 27 आणि 29 यांच्यातलं अंतर कळतं. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरचे प्रवाळ चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर पांढरे पडत आहेत. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही तापलेल्या पाण्यात होते. ही बातमी ज्याने वाचली त्याच्यासाठी दोन अंश हा नुसता आकडा राहत नाही. मे महिन्यातल्या दुपारी टाकीवर 28 दिसलं की तो उठून पंखा लावतो, चिलरची जाळी पाहतो, ड्रममधलं पाणी तपासतो, आणि संध्याकाळपर्यंत काटा 26 वर येतो. आंग्रिया बँकेवर, सिंधुदुर्गाच्या तटाखाली असा पंखा लावता येत नाही. तिथलं पाणी गार राखणं एका माणसाच्या हातचं काम नाही, ते आपल्या सगळ्यांच्या जाळण्या-वापरण्याशी बांधलेलं आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावरच्या घरात रोज सकाळी पंधरा लिटर पाणी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. एक हजार लिटर राखायला काय लागतं हे त्याच्या वहीत रोजच्या तारखेने लिहिलेलं आहे.